संत फ्रान्सिस झेवियर यांच्या मुलखातील दोन वर्षे
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



इ. स. २००५ ते २००७ ही दोन वर्षे धर्मशास्त्राच्या अध्ययनासाठी आमचे वास्तव्य स्पेन देशाच्या उत्तरेस, नाव्हारा प्रांतातील पाम्प्लोना नगरीत होते. त्याविषयी आज चार शब्द बोलावेत अशी महोत्सव समितीची इच्छा आहे. शास्त्राभ्यासाची हकिगत सांगून आपणांस कंटाळा आणण्याचा आमचा विचार नाही. परका मनुष्य परक्या गावी कसा राहतो आणि ते गाव त्यास कसे वागविते, एवढेच सांगावयाचे आहे. भोर-वेल्ह्याच्या ख्रिस्ती समाजास हा विषय दूरचा वाटू नये. आपल्यापैकी बहुतेकांची घराणी पोटापाण्यासाठी बाहेरूनच येथे आली आहेत.

प्रथम पोटाचीच गोष्ट. आंबेमोहोर पिकविणाऱ्या मुलखातून गेलेल्या माणसास तेथे रोजचा भात मिळत नाही. भात हा त्यांच्या घरी बहुधा रविवारचा थाट. एरवी पाव, बटाटा, कडधान्ये आणि डुकराच्या मांसाचे तांबडे पदार्थ. दुपारचे जेवण अडीच वाजता, रात्रीचे नऊ वाजून गेल्यावर. दुपारी दुकानांस कुलपे असतात. पुणे जिल्ह्यातील श्रोत्यांस याचे नवल वाटावयाचे कारण नाही. भाषेने मात्र आम्हांस थोडा दिलासा दिला. बटाट्यास ते लोक 'पाताता' म्हणतात, पावास 'पान', बादलीस 'बाल्दे', आणि पैसे चुकते करण्यास 'पागार'. आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी आणून सोडलेल्या शब्दांची सख्खी भावंडे तेथे जागोजाग भेटत.

जिन्यात भेटणारा प्रत्येक जण आम्हांस अभिवादन करी. परंतु घरी या, असे कित्येक महिने कोणी म्हटले नाही. त्यात दुष्टावा नव्हता. त्या लोकांची स्नेहाची जागा घर नसून रस्ता आहे. सायंकाळ झाली की आजीपासून नातवापर्यंत सारे कुटुंब नीटनेटके होऊन गावच्या मोठ्या चौकात फिरावयास निघते, आणि काय बोलावयाचे ते तेथेच उभ्याने बोलते. वर्तमानपत्र उघडले की वडीलधारी मंडळी प्रथम निधनवार्ता वाचतात आणि कोणाची मिस्सा कोणत्या देवळात आहे हे पाहतात. फेब्रुवारीच्या ३ तारखेस, संत ब्लास यांच्या दिवशी, संत निकोलास यांच्या देवळापाशी लोक पाव आणि गोड कडी आशीर्वादित करून घेऊन जातात. घशाचे दुखणे होऊ नये ही त्यामागील श्रद्धा.

जुलै महिन्यातील संत फेर्मिन यांचा उत्सव जगप्रसिद्ध आहे. रोज सकाळी आठ वाजता गल्लीतून बैल सुटतात आणि त्यांच्यापुढे तरुण धावतात. आम्ही धावलो नाही. पोळ्याला बैलाची शिंगे रंगवून त्यास पुरणपोळी खाऊ घालणाऱ्या मुलखातील माणसास सायंकाळच्या त्या झुंजीही पाहवत नाहीत. परंतु ७ जुलैची संतांची मिरवणूक मनात राहिली. एरवी रविवारी देवळात न दिसणारे शेकडो चेहरे त्या दिवशी गळ्यात तांबडा रुमाल बांधून मूर्तीपुढे ओलसर डोळ्यांनी उभे होते.

आता मुख्य गोष्ट. ज्यास आपण 'झेवियर' म्हणतो ते मुळात गावाचे नाव असून तेथे त्याचा उच्चार 'हाविएर' असा करितात. पाम्प्लोनापासून सुमारे ५० किलोमीटरवर तो गाव व संतांच्या आईच्या घराण्याचा किल्ला आहे. १८८५ च्या पटकीच्या साथीत केलेल्या नवसाप्रमाणे १८८६ च्या मार्चात लोक तेथे चालत गेले. १९४० पासून ही वारी दरवर्षी नेमाने निघू लागली. वारी हा शब्द आम्ही जाणून वापरीत आहोत. पंढरीच्या वाटेवरील माणसे आपण पाहिली आहेत. पायाला फोड, खांद्याला पिशवी, आणि अनोळख्यास हाक मारण्याची तीच रीत. २००६ साली संतांच्या जन्मास ५०० वर्षे पूर्ण होत होती, म्हणून गर्दी मोठी होती. थंडी इतकी की बोटे वळत नव्हती. शेवटच्या टप्प्यात सांग्वेसा या गावाहून क्रूसाची वाट प्रार्थित सारे किल्ल्याकडे निघतात.

आमच्याशेजारी एक वृद्ध शेतकरी चालत होता. कोठले, असे त्याने विचारले. हिंदुस्थानचे, गोव्याच्या वरच्या अंगाचे, असे आम्ही सांगितले. तो थांबला. संतांचा देह तेथेच आहे ना, असे त्याने विचारले. आम्ही होय म्हणताच तो म्हणाला की आमचा माणूस इतकी शतके तुम्ही सांभाळलात. मग पुढे जाऊन त्याने क्रूस धरणाऱ्याच्या कानात काही सांगितले, आणि पुढील स्थानापासून तो क्रूस आमच्या हाती आला. त्यानंतर आम्हांस कोणी पाहुणा म्हटले नाही. दुसऱ्याच आठवड्यात घरी जेवावयाचे बोलावणे आले, आणि ताटात भात होता.

हे सांगण्यास कारण आहे. शिरवळच्या कारखान्यांत काम मिळाल्यामुळे अहिल्यानगर-जालन्याकडील काही कुटुंबे आपल्या धर्मग्रामात आली आहेत. त्यांपैकी एका भगिनीने आम्हांस सांगितले की तीन वर्षे मिस्सेस येऊनही शेजारच्या बाकावरील कोणी आपले नाव विचारले नाही. त्यांना आपण सणाचा फराळ पाठवितो, वर्गणीची पावती देतो. काम मात्र देत नाही. गायकवृंदात, वेदीच्या सजावटीत तीच जुनी नावे वर्षानुवर्षे आहेत.

आज सायंकाळच्या मिरवणुकीत पुढील क्रूस या नव्या कुटुंबांपैकी एकाच्या हाती राहील आणि बाकीची कुटुंबे मेणबत्त्या घेऊन त्याच्यामागे चालतील. जुन्या मंडळींनी त्यांच्यामागे जागा घ्यावी. पाऊस आलाच, तर मिरवणूक आवारातच निघेल.