स्टुडिओतली शाई

मी आत्ता जिथं बसून तुमच्याशी बोलतेय, त्या आकाशवाणीच्या स्टुडिओला एकामागं एक असे दोन जाडजूड दरवाजे आहेत. एक नीट लागल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही, अशी इथली शिस्त. बाहेरचा गलका त्या दोन दारांमधल्या चिंचोळ्या जागेतच संपतो. मीही ध्वनिमुद्रणाचंच काम करते, पण घरी. पुण्यातल्या एका जुन्या इमारतीत, मागच्या खोलीत. तिथं दार एकच. आणि रेकॉर्डिंग सुरू झालं, की त्या दाराखालच्या फटीतून एक काळा पंजा आत येतो आणि फरशी चाचपायला लागतो.

तो पंजा शाईचा. काळी कुळकुळीत मांजर, त्यात तबल्यांच्या संगतीत वाढलेली. तबल्यावरचा काळा गोलही शाईच, त्यामुळे दुसरं नाव सुचलंच नाही.

घरात स्टुडिओ आणि त्यात मांजर, हे जमतं कसं, असं लोक विचारतात. त्यांना वाटतं, मी तिला काहीतरी शिकवलं असणार. माझं मत विचाराल, तर मांजराला शिकवायच्या भानगडीत पडू नये. खोलीच तिच्या बेतानं लावावी. ती मालकीण आहे वगैरे कौतुकानं मी हे म्हणत नाही. त्या खोलीत सगळ्यांत तिखट कान तिचे असतात, माझे नव्हेत, म्हणून म्हणते.

माणसाला साधारण 20 हर्ट्झपासून 20 हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तेही तरुणपणी. माझ्या वयाला वरचे बरेचसे गेलेले असतात. मांजराची मजल वरच्या बाजूला 85 हजार हर्ट्झच्या घरात जाते. म्हणजे आपला तार सप्तक, अतितार, सगळं संपल्यावर तिच्याकडे आणखी दोन सप्तकं शिल्लक! उंदीर आपापसात जे बारीक चीं चीं करतात, त्यातलं पुष्कळसं आपल्याला ऐकूच येत नाही. ते जिला ऐकू येईल तिचं पोट भरेल, असा हा हिशेब आहे. सीडीवर जे ध्वनिमुद्रण असतं, त्यात 22 हजार हर्ट्झच्या वरचं काही उरतच नाही. त्यामुळे मी मोठ्या अभिमानानं कुणाला ‘अगदी समोर बसून गातायत असं वाटतं ना?’ म्हणून विचारते, तेव्हा शाईच्या दृष्टीनं गाण्याचा वरचा मजलाच गायब झालेला असतो.

याचा व्यवहारातला अर्थ काय? एक म्हणजे आवाज बेतानं ठेवायचा. मिक्सिंग करताना स्पीकर दणकून लावायची सवय आमच्या धंद्यात सर्रास आहे, आणि त्यानं कान लवकर दमतात हे सगळ्यांना ठाऊकही आहे. शाई मॉनिटर स्पीकरच्या मागच्या खिडकीत बसते. तिचे कान मागं वळून डोक्याला चपटे झाले, की मी फेडर खाली ओढते. दुसरं, तिला उठून जायची वाट मोकळी पाहिजे. गाणारा माणूस आत असताना दार बंदच असतं, पण तेव्हा ती बाहेर असते. ती आत असताना दार कधीही लावत नाही. आणि तिसरं, विजेची उपकरणं. स्वस्तातले काही ॲडॅप्टर आणि दिव्यांचे डिमर आपल्या कानापलीकडच्या पट्टीत किरकिरत असतात. एक ॲडॅप्टर लावला, की ती दर वेळी उठून जायची. मी तो बदलला. नक्की तेच कारण होतं का, ते ती सांगणार नाही. पण त्यानंतर उठून जाणं थांबलं, एवढं खरं.

आता धोक्याचं बोलू. लोकांना वायरींची काळजी वाटते, आणि ती रास्तच आहे. माइकच्या केबलमधून जाणारे 48 व्होल्ट फारसं काही करत नाहीत, पण भिंतीतले 230 व्होल्ट जीव घेतील. म्हणून घरातल्या विजेच्या सगळ्या वायरी केसिंग-पट्टीत घालून घ्याव्यात. एका दिवसाचं काम आहे. मला मात्र वायरीपेक्षा दोऱ्याची भीती जास्त वाटते. तंबोरा लावताना जवारीसाठी घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवतात. मनासारखा झंकार मिळेपर्यंत वादक असे दोन-चार तुकडे तोडतात, टाकतात. सतारीच्या, गिटारच्या तारांची कापलेली टोकंही तशीच गादीवर पडतात. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेनं वळलेले असतात. अंग चाटायला ते उत्तम, पण एकदा तोंडात गेलेला दोरा थुंकून टाकणं तिला अवघड. तो आतच सरकत जातो. आतड्यात दोरा ताणला गेला, तर आतडी त्याच्यावर गोळा होतात आणि शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही. आणि दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला, तरी ओढायचा नाही. आतडं चिरू शकतं. सरळ डॉक्टरकडे न्यायचं. आमच्याकडे तंबोऱ्याशेजारी झाकणाची एक डबी असते. दोरा, तार, जे काही तुटेल ते त्यात. मोठमोठे वादकही आता न सांगता डबी उघडतात.

भिंतींवर खाचांचा फोम लावायची फॅशन आहे. मांजर असलेल्या घरात तो लावू नये. ती तो कुरतडते, आणि गिळला तर पुन्हा तोच आतड्याचा प्रश्न. त्यापेक्षा लाकडी चौकटीत रॉकवूलचे ताव घालून वरून कापड ताणून बसवावं. आवाजाला तेच जास्त मानवतं. फोम वरचे स्वर तेवढे खातो, खर्जाला त्याचा काही उपयोग नाही. कापड घट्ट विणीचं हवं. मांजरपाट, नावात मांजर असलं तरी, नको. त्यात नखं अडकतात आणि मग चौकटीसकट सगळं खाली येतं.

वाद्यांचं म्हणाल, तर तिनं आपली वाटणी केव्हाच करून घेतलीय. तंबोऱ्याची गवसणी तिच्या अंथरुणात जमा. पेटीच्या भात्याला ती हात लावत नाही. का, ते तिलाच माहीत. तबल्याची चामड्याची वादी तिला नखं घासायला फार आवडते, म्हणून वाजवून झालं की तबल्यावर लगेच खोळ. पण खरी मौज चुंबळीची. डग्ग्याखालची चुंबळ म्हणजे कापडी वेटोळं, आणि मधलं भोक बरोबर वेटोळं घातलेल्या शाईएवढं. वादक चहाला उठले, की चुंबळीत शाई. परत येईपर्यंत गाढ झोप. आमचे एक तबलजी आहेत, हाताला पावडर लावून वाजवणारे. ते तिला उठवत नाहीत. दुसरी चुंबळ घेऊनच येतात. जाताना म्हणतात, “ताई, हिची बिदागी बाकी राहिली हं.” त्यांच्या पावडरीचे पांढरे पंजे मग घरभर उमटलेले असतात.

तिला चुंबळ, लॅपटॉप, ॲम्प्लिफायर हे सगळं का आवडतं, यामागं साधं शरीरशास्त्र आहे. मांजराच्या अंगाची उष्णता आपल्यापेक्षा जास्त, 38-39 अंशांच्या आसपास. आपल्याला जिथं घाम फुटतो, अशा 30 अंशांच्या वरच्या हवेत तिला खरं बरं वाटतं. आम्ही यंत्रांच्या आणि कलाकारांच्या सोयीसाठी एसी लावतो. मग तिनं जायचं कुठं? जिथून गरम वारा येतो तिथं. आणि तिच्या केसांनी त्याच झडपा बुजतात. यावर उपाय एकच, तिला त्याहून चांगली ऊब द्यायची. यंत्रापासून लांब, उंचावर, एक पुठ्ठ्याचं खोकं आणि त्यात जुनी शाल. संगणकाच्या कीबोर्डवर मात्र पारदर्शक झाकण लागतंच. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेसबार दाबला की रेकॉर्डिंग थांबतं, आणि मांजराचा पाय हमखास तिथंच पडतो.

मांजर सुरांच्या पट्ट्यांवरून चालली आणि संगीतकाराला सुरावट मिळाली, अशी एक जुनी आख्यायिका इटलीच्या स्कार्लातीबद्दल सांगतात. 1738 साली छापलेल्या त्याच्या एका रचनेला ‘मांजरीची फ्यूग’ असंच म्हणतात. हे नाव त्याचं नव्हे, नंतर कुणीतरी चिकटवलेलं. कथाही बहुधा तशीच. मला त्यापेक्षा फ्रेडी मर्क्युरीची गोष्ट आवडते, कारण ती खरी आहे आणि थोडी आपलीही. क्वीन या बँडचा हा गायक लहानपणी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत होता. पियानो शिकला, शाळेतल्या मुलांचा बँड केला. पुढे लंडनमध्ये त्याच्या घरी मांजरीच मांजरी. 1985 चा त्याचा स्वतंत्र अल्बम त्यानं मांजरींनाच अर्पण केलाय. 1991 च्या ‘इन्युएन्डो’मध्ये तर डिलायला नावाच्या मांजरीवर एक अख्खं गाणं आहे. त्यात फ्रेडी स्वतः म्यांव करतो, आणि ब्रायन मे गिटारमधून म्यांव काढतो. क्वीनच्या थोर गाण्यांत त्याची गणना कुणी करणार नाही. मीही नाही. पण मांजर असलेल्या माणसानं ते एकदा ऐकावं.

मांजरांसाठी म्हणून केलेलं संगीतही आहे. डेव्हिड टाय नावाच्या अमेरिकी चेलोवादकानं मांजरांची घुरघुर, पिल्लांच्या दूध पिण्याची लय यांवरून रचना बांधल्या. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या चार्ल्स स्नोडन यांच्याबरोबरचा त्यांचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. 47 पाळीव मांजरांना त्यांनी हे संगीत आणि माणसांचं शास्त्रीय संगीत असं दोन्ही ऐकवलं. मांजरं त्यांच्या संगीताच्या वेळी स्पीकरकडे जास्त वळली, त्याला अंग घासू लागली. मी शाईला ऐकवून पाहिलं. तिनं स्पीकरच्या कोपऱ्याला गाल घासला आणि पाठ फिरवून झोपली. तोच मान ती मारव्यालाही देते.

तिच्या स्वतःच्या गाण्याबद्दल सांगायलाच हवं. मोठी झालेली मांजरं एकमेकांशी फारसं म्यांव करत नाहीत. ते खास माणसांसाठी राखून ठेवलेलं असतं. एकदा एका ज्येष्ठ गायिकेचा अभंग चालला होता. सासूबाईंनी चहाचा ट्रे आणला आणि दारातून त्यांच्या पायांबरोबर शाई. बाई तार षड्जावर थांबल्या, आणि शाईनं खालून सुरू करून वर जात एक लांब मींड घेतली. मी कपाळाला हात लावला. बाईंनी डोळे उघडले नाहीत. म्हणाल्या, “अगं, थांबवू नकोस. ही चढीच लागतेय, पण लागतेय.” तो टेक वापरता आला नाही. पण मी पुसलेला नाही.

आणि घुरघुर! ती 25-30 हर्ट्झची. काळी एक पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार 69 हर्ट्झच्या आसपास वाजते. शाई त्याच्याही सप्तकभर खाली. चार-पाच किलोच्या जिवाच्या गळ्यातून इतका खर्ज निघतो कसा? 2023 साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी दाखवलं, की मांजरांच्या स्वरपडद्यांत तंतूंच्या गाद्या असतात. त्या गाद्यांमुळे पडदे जड होऊन इतके संथ थरथरत असावेत, असा त्यांचा कयास आहे. श्वास घेतानाही आणि सोडतानाही, न थांबता. आम्ही बोलण्याचं रेकॉर्डिंग करताना 80 हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाकतो. त्यामुळे एखादा वाचक मांडीवर शाई घेऊन अख्खं पुस्तक वाचू शकतो, आणि घुरघुरीचा मूळ सूर फिल्टरमध्येच अडकतो. वरचे काही अंश तेवढे निसटतात.

ज्यांना मांजराच्या केसांचा, खरं तर लाळेतल्या आणि कातडीतल्या एका प्रथिनाचा त्रास होतो, त्यांचा प्रश्न वेगळा. गाणाऱ्याला दमा असेल, तर त्याला त्या खोलीत बोलावणं हा गुन्हा आहे. म्हणून फोनवर तारीख ठरवण्याआधीच मी विचारते. नाही म्हणाले, तर दुसऱ्या स्टुडिओचा नंबर देते. थोडं काम जातं. जाऊ दे.

येतंही थोडं. मध्यंतरी मुलांच्या एका श्राव्य पुस्तकात खाडीतून जाणाऱ्या होडीचा प्रसंग होता. डिझेल इंजिनाचा फटफट आवाज हवा, तोही जुन्या, एका सिलिंडरच्या इंजिनाचा. तयार आवाजांत मनासारखा मिळेना. मग शाईची घुरघुर चौपट संथ केली, वर थोडं पाणी घातलं, आणि होडी निघाली. निर्मात्यांनी विचारलं, “कोकणात जाऊन रेकॉर्ड केलंत वाटतं?” मी म्हटलं, “नाही, इथंच.” बिलात ‘ध्वनिपरिणाम’ या रकान्यात वेगळी रक्कम लावली, आणि त्या पैशांचे ताजे बोंबील आणले. मीठ न घालता उकडलेले.