हापूस आंबा व त्याचें गिऱ्हाईक

रत्नागिरीच्या बागाईतदारास आपल्या झाडाची जेवढी माहिती असते तेवढी आपल्या गिऱ्हाइकाची नसते, ही गोष्ट ऐकण्यास चमत्कारिक वाटली तरी खरी आहे. कोणत्या कलमास मोहोर आधीं येतो, कोणत्या उतारावरच्या फळास रंग चांगला चढतो, तुडतुड्यासाठीं फवारणी केव्हां करावी, हें त्यास तोंडपाठ असतें. परंतु पेंढ्यांत बसविलेली पेटी एकदां गाडींत चढली कीं तिच्यांतील फळ अखेर कोणाच्या पानांत पडलें, तें गोड लागलें कीं चिरल्यावर साका निघाला, पुढच्या वर्षीं तें घर पुन्हां तोच आंबा मागेल कीं नाहीं, यांतील एकही गोष्ट त्याच्या कानीं येत नाहीं. त्याच्या हातीं येते ती दलालाची पट्टी. तींत इतक्या पेट्या, इतका भाव, आणि हमाली-वाहतूक वजा जातां उरलेली रक्कम, एवढेंच लिहिलेलें असतें.

हें अंतर आजचें नव्हे. आंबा गलबतांतून व आगबोटींतून मुंबईच्या धक्क्यावर उतरत असे, तेव्हां १८६९ मध्यें उभ्या राहिलेल्या क्रॉफर्ड मार्केटांत त्याचा भाव ठरे, आणि ती बातमी कोंकणांत पोंचेपर्यंत पुढची बोट सुटलेली असे. पुढें घाऊक फळबाजार नव्या मुंबईंत वाशीस गेला. १९९८ मध्यें कोंकण रेल्वे पूर्ण झाली. मालमोटार आज रात्रीं निघून पहांटे बाजारांत पोंचते, आणि भाव तर दूरध्वनीवर क्षणांत कळतो. तरी गिऱ्हाईक होतें तेथेंच आहे, दलालाच्या पाठीमागें. यांत दलालाचा दुष्टपणा पाहण्याचें कारण नाहीं. फवारणी, खत, राखण व पेट्या यांस हंगामापूर्वीं पैसा लागतो. तो पुष्कळदां दलालाकडून उचल म्हणून येतो, आणि उचल घेणाऱ्याचा माल त्याच्याच गाळ्यावर जातो. माल कोणाकडे जावयाचा, हें अशा रीतीनें मोहोर येण्यापूर्वींच ठरून गेलेलें असतें.

व्यापारशास्त्रांत गिऱ्हाइकांची वर्गवारी म्हणून जें प्रकरण आहे तें याच ठिकाणीं उपयोगीं पडतें. १९५६ सालीं वेंडेल स्मिथ या अमेरिकन अभ्यासकानें एका लेखांत असें मांडलें कीं, बाजार म्हणजे एकजिनसी जमाव नसून त्याच्या पोटांत निरनिराळ्या गरजांचे लहान लहान बाजार असतात. सर्वांच्या गळीं एकच माल उतरविण्यापेक्षां ज्याची जशी गरज तसा माल व तशी विक्री जुळवून घ्यावी. आपल्याकडील कासारास हें कोणी शिकविलें नव्हतें. तो हात पाहून बांगडी काढी. अडचण एवढीच कीं, कासार गिऱ्हाइकाचा हात हातांत घेऊन बसे, आणि आंबेवाल्याचें गिऱ्हाईक दोनशें मैलांवर असतें.

वर्गवारी म्हटली कीं पहिली चूक होते ती पैशाच्या मापानें माणसें विभागण्याची. पेटीची रचनाही याच समजुतीवर उभी आहे: चार-पांच डझनांची पेटी म्हणजे मोठें फळ व श्रीमंत गिऱ्हाईक, सात-आठ डझनांची म्हणजे लहान फळ व बेताचें गिऱ्हाईक. परंतु एकाच घराचा हंगाम पाहावा. गुढीपाडव्याच्या सुमारास त्या घरांत डझनभर आंबा येतो तो देवापुढें ठेवण्यासाठीं व नवलाईसाठीं. त्या वेळीं भावाची घासाघीस फारशी होत नाहीं. अक्षय्यतृतीयेस पितरांना दाखविल्यावांचून आंबा तोंडीं न लावणारीं घरें अजून आहेत. त्यांचें मागणें एकाच दिवसाचें असतें, आणि त्या दिवशीं फळ तयार हवें, दोन दिवसांनीं होणारें चालत नाहीं. मे महिन्यांत मुलें सुटीस आलीं, लेकीजांवई आले, कीं तेंच घर रसासाठीं पेटी मागतें आणि डझनामागें थोडे पैसे वांचविण्यासाठीं चार दुकानें हिंडतें. उत्पन्न तेंच, गृहिणी तीच, गिऱ्हाईक मात्र तीन. वर्ग पाडावयाचे ते अशा प्रसंगांवरून.

भेटीच्या पेटीचा वर्ग विशेष विचार करण्याजोगा आहे. डॉक्टर, वकील, वरिष्ठ अधिकारी, व्याही यांच्याकडे जी पेटी जाते ती विकत घेणारा एक व खाणारा दुसरा. घेणारा वरचा थर पाहतो: फळाचा आकार, केशरी झांक, देठाजवळचा वास. आंत काय निघालें तें त्यास कधींच कळत नाहीं, कारण अर्ध्या फळांत साका होता असें भेट देणाऱ्यास कोणी सांगत नाहीं. साका हा हापुसाचा जुना शाप. बाहेरून निर्दोष फळ, आणि आंत कोयीलगत पांढुरका, आंबट, स्पंजासारखा गर. मोठ्या फळांत व झाडावर अधिक पिकूं दिलेल्या फळांत तो अधिक आढळतो, आणि भेटीच्या पेटींत नेमकें मोठें फळ घातलें जातें! तक्रार बाजाराला ऐकूं येत नाहीं म्हणून भाव टिकतो. परंतु खाणारें घर पुढच्या वर्षीं स्वतःच्या पैशानें तो आंबा घेत नाहीं, आणि हें नुकसान कोणत्याही पट्टींत दिसत नाहीं. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें १९८१ मध्यें नीलम व हापूस यांच्या संकरांतून काढलेली रत्ना ही जात साक्यापासून मुक्त आहे. तरी भेट देणाऱ्यास पेटीवर हापूस हेंच नांव हवें असतें.

मुंबई-पुण्याच्या चार माणसांच्या बिऱ्हाडाची अडचण निराळी. पांच डझनांची पेटी म्हणजे साठ फळें. माणशीं रोज एक धरलें तरी पंधरा दिवसांचा पुरवठा. परंतु एकाच दिवशीं उतरविलेलें फळ अढींत घातलें कीं चार-पांच दिवसांच्या अंतरानें बहुतेक सगळें तयार होतें. साठांतील पंधरा फळें वायां गेलीं तर उरलेल्या प्रत्येक फळाची किंमत एकतृतीयांशानें वाढते. अशा घरास पेटीचा भाव उतरवून सांगण्यांत अर्थ नाहीं. त्यास दीड-दोन डझनांचा खोका हवा, आणि तोही आठवड्याच्या आठवड्यास. उलट रसपुरीची पंगत उठविणाऱ्या लग्नघरास सगळें फळ एकाच दिवशीं पिकलेलें हवें असतें. तेथें सालीवरचा डाग चालतो, आकार लहान असला तरी चालतो. एका वर्गानें नाकारलेला माल दुसऱ्या वर्गास हवा असतो, हें ज्यास माहीत नाहीं तो दोन्हीकडे तोटा सोसतो.

परदेशचें गिऱ्हाईक आपली अट कायद्यानेंच सांगतें. अमेरिकेस २००७ पासून विकिरण केलेला आंबा जातो. युरोपीय संघानें फळमाशीमुळें मे २०१४ पासून भारतीय आंबा बंद केला होता, तो २०१५ च्या आरंभीं पुन्हां खुला केला. तिकडे जाणारें फळ ४८ अंश उष्णतेच्या पाण्यांत तासभर बुडवावें लागतें. आखाती देशांत कोंकणांतील घरचींच माणसें नोकरीस असल्यानें तेथें आंब्याची ओळख करून द्यावी लागत नाहीं.

हे सर्व वर्ग बसल्या जागीं कल्पिले तर ते कागदावरच राहतात. विचारावें लागतें. मोठ्या कंपन्या यासाठीं माणसें नेमतात. बागाईतदारास एक वही पुरते. आपणांस कसा आंबा आवडतो, हा प्रश्न मात्र टाळावा, कारण त्यास प्रत्येक घर ‘गोड आणि स्वस्त’ असेंच उत्तर देईल. विचारावें तें घडलेल्या गोष्टींविषयीं: गेल्या वर्षीं एका वेळीं किती डझन घेतले, कोणत्या आठवड्यांत, कोणासाठीं, कोणाकडून, आणि किती टाकावे लागले. प्रश्नही घरांत आंब्याची अढी लावणाऱ्या माणसास विचारावा. पैसे देणारास त्यांतलें बहुधा कांहीं ठाऊक नसतें. पन्नास घरांचीं अशीं उत्तरें एकाखालीं एक लिहिलीं तरी त्यांतून तीन-चार घोळके आपोआप वेगळे पडूं लागतात. जीं घरें एकदां घेऊन पुन्हां आलीं नाहींत त्यांना विचारणें सर्वांत अवघड, व सर्वांत मोलाचें. मग त्यावरून तोडणीचे दिवस, खोक्याचें माप आणि पाठवणीची तारीख बदलावयाची. त्यावांचून ती वही म्हणजे रद्दी.

२०२० च्या टाळेबंदींत बाजाराची वाट अडली तेव्हां कोंकणांतील कित्येक बागाईतदारांनीं मुंबई-पुण्याच्या गृहसंस्थांकडे पेट्या थेट पाठविल्या. खाणाऱ्याचें नांव, पत्ता व तक्रार त्यांतील पुष्कळांस प्रथमच मिळाली. तक्रार ऐकणें सोपें नव्हतें; खराब फळाच्या बदलीं फळ द्यावें लागे आणि वाटेंतला मार स्वतः सोसावा लागे. परंतु ज्यांनीं त्या याद्या जपल्या त्यांस पुढच्या हंगामीं मागणी कोठून येणार याचा अंदाज आला, आणि ज्यांनीं त्या पावसाळ्याबरोबर वाहूं दिल्या ते पुन्हां पट्टीची वाट पाहूं लागले.

या विद्येची एक काळी बाजूही आहे. कोणत्या गिऱ्हाइकास चव ओळखतां येत नाहीं हें कळलें कीं त्याच्या गळ्यांत परप्रांतींचा आंबा रत्नागिरीच्या नांवानें बांधण्याचा मोह होतो, आणि तसें वर्षानुवर्षें होत आलें आहे. ऑक्टोबर २०१८ मध्यें रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें व पालघर या जिल्ह्यांच्या हापुसास भौगोलिक मानांकन मिळालें तें याच कारणानें महत्त्वाचें. अर्थात् पेटीवरचा शिक्का मूळ कोठलें एवढेंच सांगेल. फळ केव्हां उतरविलें व केव्हां तयार होईल, हें पाठविणाऱ्यानेंच लिहावयास हवें.

राहतां राहिलें तें खुद्द रत्नागिरीचें गिऱ्हाईक. मे महिना सरत आला, आकाश भरून येऊं लागलें, कीं उरलेलें लहानमोठें फळ रस काढणाऱ्या कारखान्यांस किलोच्या भावानें जातें. त्याच दिवसांत शहरांतील घरोघर आंब्याचीं साठें घालण्याची घाई चाललेली असते. ऊन अजून दोन-चार दिवस मिळेल या भरवशावर ताटें तुपाचा हात लावून तयार असतात. या घरांना पेटी नको, रंग नको, सुबक आकारही नको. पिकलेलें फळ हवें, आणि कारखान्यापेक्षां चार पैसे अधिक देण्यास त्यांची ना नसते. परंतु कारखान्याची गाडी बागेच्या दाराशीं येते, आणि चार मैलांवरच्या त्या घरांना विचारण्यास कोणी जात नाहीं.