पेल्याबाहेरचं पाणी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोनवर बजावलं होतं, "दहा मिनिटं बोल, पण सॉफ्टवेअरवर नको. जेवणाआधीच लोक पेंगायला लागतील." म्हणून आज मी माझ्या एका लाकडी खोक्याबद्दल बोलणार आहे. पण त्याची सुरुवात आपल्या नववीच्या वर्गात होते, आणि ज्यांच्यामुळे होते त्या विज्ञानाच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

आठवतंय का बघा. बाईंनी टेबलावर काचेचा पेला ठेवला होता. त्यात कोकम सरबत, आणि बाजारातून गोणपाटात गुंडाळून आणलेला बर्फ. थोड्या वेळाने पेल्याला बाहेरून थेंब धरले. बाईंनी विचारलं, "हे पाणी कुठून आलं?" सगळ्यांत आधी हात वर केला मी. "बाई, पेला झिरपतोय!" वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला पुढे बोलावलं, रुमालाने ते थेंब टिपायला लावले आणि म्हणाल्या, "सरबत झिरपलं असतं तर रुमालावर लाल डाग पडायला हवा. कुठाय?" डाग नव्हता. त्यानंतर वर्षभर तुम्ही मला 'गळका पेला' म्हणत होतात. नावं ठेवणारे आज इथे हजर आहेत, मी पाहिलंय.

आज मला जाहीर कबुली द्यायची आहे. त्यानंतर ३० वर्षांनी, इंजिनिअरिंगची पदवी खिशात असताना, मी तेच चुकीचं उत्तर पुन्हा दिलं.

मी सिअ‍ॅटलला राहते. तिथे लोक गाडीमागे छोटा ट्रेलर जोडून डोंगरात, जंगलात मुक्कामाला जातात. थेंबाच्या आकाराचे, आत फक्त गादी मावेल एवढे हे ट्रेलर १९३० च्या दशकापासून तिथे घरोघरी बांधले जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर मासिकांतून त्यांचे आराखडेही छापून येत. दिवसभर पडद्यावर काम करून हाताला काही लागत नाही, म्हणून मी ठरवलं की असा एक आपण बांधायचा. विकत आणलेला लोखंडी सांगाडा, त्यावर चार फूट बाय आठ फूट प्लायवूडचा तळ, भिंतींत इंचभर जाडीचा फोम, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. शनिवार-रविवार धरून दोन वर्षं लागली. आत मी आणि माझी लेक झोपणार. नवरा शेजारी तंबूत, कारण तो घोरतो. मला त्या खोक्याचा फार अभिमान होता. कुठे फट म्हणून ठेवली नव्हती. दारांना दुहेरी रबर लावलं होतं.

पहिल्या थंडीत आम्ही होह नावाच्या जंगलात गेलो. ऑलिंपिक पर्वताच्या पश्चिमेला हे जंगल आहे. वर्षाला साधारण साडेतीन मीटर पाऊस, म्हणजे आपल्या चिपळूणचीच गोष्ट. फरक एवढाच, की तिथला बराचसा पाऊस थंडीत पडतो. पहाटे कपाळावर टपकन थेंब पडला. दिवा लावला तर छताच्या प्रत्येक स्क्रूखाली एक थेंब लोंबतोय, खिडकीच्या चौकटीवरून ओघळ चाललेत, पांघरुणाची कड ओली. बाहेर धो धो पाऊस. मी मनात म्हटलं, छत गळतंय.

घरी आल्यावर दोन शनिवार-रविवार मी शिडीवर काढले. प्रत्येक सांध्यावर, प्रत्येक स्क्रूवर सीलंट थापलं. छतावरचा झरोकासुद्धा पट्टी लावून बंद केला. पुढच्या सहलीला पाणी आणखी वाढलं. मी आणखी सीलंट आणलं.

याच सुमारास लेकीचा खोकला सुरू झाला. तिला लहानपणी दम्याचा त्रास होता, तो बराच आटोक्यात आला होता. सहलीहून आलो की दोन-तीन रात्री ती खोकायची. थंडी बाधली असेल म्हणून आम्ही स्वेटर वाढवले. डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला, "ती झोपते तिथे कुठे ओल आहे का?" त्या संध्याकाळी मी ट्रेलरमधली गादी उचलली. खालच्या प्लायवूडवर काळी बुरशी, नेमकी तिच्या अंगाच्या आकाराची. हे मी माझ्या हातांनी बांधलेलं होतं आणि तिला हौसेनं त्यावर झोपवत होते. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, "विकून टाकू."

नवरा म्हणाला, "विकायचा असेल तर वीक. पण आधी शोध तरी, पाणी येतं कुठून." आमच्या धंद्यातही हाच नियम आहे. बिघाड आधी स्वतः घडवून दाखवायचा, मग दुरुस्तीला हात घालायचा. मी तो पाळलाच नव्हता.

लेकीला घरातच ठेवलं. पाऊस नव्हता अशी एक कोरडी, थंड रात्र बघून नवरा आणि मी अंगणात उभ्या केलेल्या ट्रेलरमध्ये झोपलो. झोपण्यापूर्वी आतल्या भिंतीला प्लास्टिकचा एक तुकडा चारही बाजूंनी चिकटवून ठेवला. पाणी बाहेरून झिरपत असेल, तर ओल प्लास्टिकच्या मागे धरणार. आतल्या हवेतून येत असेल, तर आपल्या बाजूला. सकाळी प्लास्टिक मागून कोरडं होतं आणि पुढून थबथबलेलं. कोरडा टॉवेल स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून ठेवला होता. भिंती पुसून पुन्हा तोलला, तर वजन २१० ग्रॅमनं वाढलेलं. थेंबभर पाऊस न पडता.

मला एकदम तो पांढरा रुमाल आठवला.

मग हिशेब मांडला. ट्रेलरच्या आत जेमतेम तीन घनमीटर हवा. १५ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १३ ग्रॅम बाष्प मावतं, ५ अंशांच्या हवेत सुमारे ७. म्हणजे माझ्या सगळ्या खोक्यात ४० ग्रॅमसुद्धा मावत नाही. आणि दोन झोपलेली माणसं श्वासातून नि त्वचेतून तासाला ५०-६० ग्रॅम तरी बाहेर टाकतात. रात्रीचं जवळजवळ अर्धा लिटर. पहिल्या तासातच हवा काठोकाठ भरते. पुढचं सगळं पाणी जिथे गार पृष्ठभाग सापडेल तिथे बसतं. स्क्रू आणि अ‍ॅल्युमिनियमची चौकट बाहेरची थंडी थेट आत आणतात, म्हणून थेंब आधी तिथे. गादीतून झिरपणारी अंगाची वाफ खालच्या गार फळीवर अडते, म्हणून बुरशी तिथे.

त्यात भर म्हणजे झोपण्यापूर्वी मी अर्धा तास बिनधुराड्याची छोटी गॅसशेगडी लावायचे. दहावीचं समीकरण मांडून बघा, एक किलो प्रोपेन जळला की १.६ किलो पाणी तयार होतं. ऊब देते म्हणून लावलेली शेगडी आत पाणी ओतत होती. शिवाय बंद जागेत अशी शेगडी म्हणजे विषारी वायूचा धोका, तो वेगळाच. ती त्याच दिवशी निघाली.

आता उपाय. पहिला सगळ्यांत अवघड होता, कारण त्यासाठी माझ्याच कामाला भोक पाडायचं होतं. छतात १४ इंची चौकोनी पंखा बसवला, हवा बाहेर फेकणारा, बॅटरीवर अगदी मंद चालणारा. आणि समोरच्या टोकाला, पायांकडे, खाली एक झडप ठेवली, जाळी नि पाऊसपट्टी लावून. नुसता वर पंखा लावून भागत नाही. हवा आत यायला वाट नसेल तर बाहेर जाणार कुठली?

इथे सगळे विचारतात, पावसातली ओली हवा आत घेतलीस तर ओल वाढणार नाही का? नाही. बाहेरची ५ अंशांची हवा शंभर टक्के दमट असली तरी तिच्यात बाष्प असतं फक्त ७ ग्रॅम. तीच आत येऊन १२ अंशांपर्यंत तापली की दमटपणा ६५ टक्क्यांच्या आसपास उतरतो. जाताना ती आपली वाफ सोबत घेऊन जाते.

दुसरा उपाय गादीचा. बुरशी धरलेला तळ बदलला आणि गादीखाली लाकडी पट्ट्यांची चौकट घातली, म्हणजे खालून हवा खेळते. सकाळी गादी उभी करायची. तिसरा उपाय स्क्रूंचा. आतून दिसणारा प्रत्येक स्क्रू लाकडी बुचानं झाकला, खिडकीच्या चौकटीला फोमची पट्टी लावली. चौथा उपाय शिस्तीचा. ओले रेनकोट आणि बूट बाहेर छपराखाली, स्वयंपाक मागच्या झाकणाखाली उघड्यावर. हवेतला ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचे डबे मिळतात, पण ते ट्रेलर बंद ठेवण्याच्या दिवसांत कामाचे. एका रात्रीत दोन माणसांच्या वाफेपुढे त्यांचा निभाव लागत नाही.

अर्थात झडप उघडी म्हणजे थंडी वाजणारच. त्यावर आईनं जुन्या लुगड्यांची शिवून पाठवलेली गोधडी आहे.

आता सकाळी आर्द्रतामापक ७५ च्या आसपास असतो. खिडकीच्या कोपऱ्यात अजून थोडं पाणी धरतं, ते फडक्यानं पुसते. लेकीचा खोकला त्या हिवाळ्यात थांबला. ट्रेलर विकला नाही.

इथल्या मंडळींना एक सावधगिरीची गोष्ट सांगते. हा उपाय जसाच्या तसा चिपळुणात लावू नका. जुलैत आपल्याकडची २७ अंशांची बाहेरची हवा घनमीटरमागे २२-२३ ग्रॅम बाष्प घेऊन येते. एसी लावून गार केलेल्या खोलीची खिडकी उघडलीत, तर भिंतींना घाम फुटणार. आपली कौलारू घरं कौलांच्या फटींतून श्वास घ्यायची आणि आतलं कधी बाहेरच्यापेक्षा गार नसायचं, म्हणून त्यांचं निभावलं. २०२१ च्या पुरानंतर तुमच्यापैकी कितीजणांनी भिंती वाळायच्या आत रंग काढला आणि पुढच्या वर्षी पोपडे बघितले, ते मला फोनवर कळलंय. तिथे आणि इथे उपाय वेगळे आहेत. प्रश्न मात्र बाईंचाच आहे: हे पाणी कुठून आलं? तो आधी विचारायचा. उत्तर मिळेपर्यंत सीलंटची नळी उघडायची नाही.

बाई, त्या दिवशी तुम्ही "चूक, बस खाली" म्हणाला असतात, तर मी ते उत्तर पाठ करून विसरूनही गेले असते. तुम्ही रुमाल हातात दिलात. उत्तर मी विसरलेच होते. रुमाल विसरले नव्हते.

माझी लेक आज मागे बसली आहे. तिला तुम्हाला भेटायचं आहे. आणि तुम्ही सगळे, 'गळका पेला' हे नाव तिच्या कानावर घातलंत तरी चालेल. तिला गोष्ट आधीच माहीत आहे.