दीड भागिले पाव

गुरुजनहो, रनाळ्यातल्या सातवीच्या मुलांना विचारून पाहा, दीडला पावाने भागले तर किती? ‘उलटा करून गुणा’ हे पाठ असते. पण उत्तर सहा आले की पोरे बिचकतात. भागले, आणि संख्या वाढली कशी? नियम पुन्हा घोकवू नका. नंदुरबारची मिरची घ्या. दीड किलोच्या पावकिलो पुड्या किती, हे दुकानात बसणारे पोरही सांगेल. पावकी-दिडकी म्हणणारे आपले आजोबा दुसरे काय करीत?

पुढे ऋण संख्या. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये त्यांचे नियम धन आणि ऋण याच शब्दांत सांगितले. तेव्हा उधारीची वही उघडा. पाव हजाराच्या सहा उधाऱ्या म्हणजे उणे दीड हजार. ऋण गुणिले ऋण मात्र चटकन पटत नाही. त्यांतल्या दोन उधाऱ्या दुकानदाराने खोडल्या, तर अर्धा हजार गाठीला आला ना?