विषाणूच्या मागून येणारे जिवाणू : स्वागताध्यक्षांचे भाषण



ज्या नगरीत १९२० साली राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे स्वागताध्यक्षपद जमनालालजी बजाज यांनी भूषविले, त्याच नगरीत, लहानशा परिषदेचे का होईना, ते पद अतिदक्षता विभागात हयात घालवलेल्या माझ्यासारख्या वैद्याच्या वाट्याला यावे, याचा मला जितका संकोच वाटतो तितकाच आनंदही होतो. आणि स्वागतसमितीच्या व समस्त नागपूरकरांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

विषाणूजन्य श्वसनविकाराने अत्यवस्थ झालेल्या रुग्णांतील जिवाणूंचा सहसंसर्ग, या विषयाची चर्चा नागपुरास व्हावी यात औचित्य आहे. १९४७ साली स्थापन झालेले ‘मेडिकल’ म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, त्याहून पुष्कळ जुने मेयो रुग्णालय आणि २०१८ साली सुरू झालेले एम्स यांच्या दारी गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया येथूनच नव्हे, तर राज्याच्या सरहद्दीपलीकडील छिंदवाडा-बालाघाटाकडूनही रुग्ण येतात. पुष्कळदा रुग्ण दाखल होतो तेव्हा गावातल्या डॉक्टरचे एक आणि तालुक्याच्या दवाखान्यातले दुसरे, अशी दोन प्रतिजैविके त्याच्या रक्तात आधीच उतरलेली असतात, सोबतच्या चिठ्ठीवर त्यांची नावे असतातच असे नाही, आणि मग प्रयोगशाळेत लावलेल्या कल्चरवर काहीच उगवले नाही, तर जिवाणू नव्हताच की औषधाने दबला, हे कोणी सांगावे?

या प्रश्नाला इतिहास आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने मुंबई बंदरातून देशात प्रवेश केला आणि त्याच्या दुसऱ्या, अधिक प्राणघातक लाटेत, नागपूर ज्याची राजधानी होते तो मध्य प्रांत व वऱ्हाडाचा मुलूख अत्यंत होरपळलेल्या प्रदेशांत गणला गेला. पुढे २००८ साली मॉरेन्स, टाउबेनबर्गर आणि फाउची या संशोधकांनी त्या काळातील शवविच्छेदनांत जतन करून ठेवलेली फुफ्फुसांची ऊतके व जुने अहवाल तपासून असा निष्कर्ष काढला, की त्या साथीतील बहुतेक मृत्यूंस विषाणूपाठोपाठ आलेला जिवाणूजन्य न्यूमोनिया कारणीभूत होता. २००९ च्या स्वाइन फ्लूत, प्रतिजैविके हाताशी असतानाही, अमेरिकेत तपासलेल्या ७७ मृतांपैकी २२ जणांच्या फुफ्फुसांत जिवाणू आढळले.

याचे कारण आता पुरेसे उलगडले आहे. विषाणू श्वासमार्गाच्या अस्तरावरील सूक्ष्म रोम नष्ट करतो, कफ वर लोटण्याचा शरीराचा नित्य बंदोबस्त मोडतो आणि फुफ्फुसांतील भक्षक पेशींची जिवाणू गिळण्याची शक्ती क्षीण करतो. त्यामुळे नाकाघशात एरवी निमूट नांदणारे न्यूमोकोकस व स्टॅफिलोकॉकस खाली उतरतात. हा झाला रुग्ण घरून घेऊन येतो तो संसर्ग. दुसरा त्याला आपल्याकडे आल्यावर, सामान्यतः ४८ तासांनंतर, व्हेंटिलेटरच्या नळीतून, शिरेतील कॅथेटरमधून आणि, स्पष्ट बोलायचे तर, आपल्या न धुतलेल्या हातांतून मिळतो. त्यात क्लेबसिएला व ॲसिनेटोबॅक्टर यांचा अंमल असतो आणि बहुतेक औषधांना ते दाद देत नाहीत. कोरोनाच्या साथीत भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या जाळ्यातील १० रुग्णालयांत १७,५३४ रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा दुय्यम संसर्ग अवघ्या ३.६ टक्के रुग्णांत आढळला. परंतु त्या अभाग्यांपैकी ५६.७ टक्के दगावले, आणि तेथेही याच दोन जिवाणूंची नावे अग्रभागी होती.

या आकड्यांपुढे सर्वांनाच प्रतिजैविक देऊन मोकळे होण्याचा शिरस्ता सोयीचा वाटतो. परंतु पहिल्या संसर्गाच्या भयाने सरसकट लिहिलेले औषधच दुसऱ्या संसर्गाचे जिवाणू निवडून पोसते. इन्फ्लुएंझाच्या अत्यवस्थ रुग्णास पहिल्या तासांत प्रतिजैविक सुरू करणे मी मुळीच गैर मानत नाही. गैर आहे ते नमुना न घेता सुरू करणे आणि तिसऱ्या दिवशी फेरविचार न करता चालू ठेवणे. मध्यरात्री परिचारिकेने श्वासनलिकेतून ओढून डबीत घेतलेला कफ तत्काळ रंगवला, तर पूयपेशींच्या गर्दीत जांभळे गोल झुबक्यांनी दिसतात की जोडीजोडीने, की गुलाबी कांड्या दिसतात, एवढ्यावरूनच पुढल्या औषधाची दिशा ठरू लागते. कल्चरचा निकाल येईपर्यंत हीच काचपट्टी आपली खरी सल्लागार. आणि तीवर काही नसेल, रुग्णही सुधारत असेल, तर औषध बंद करण्याचे धैर्य हीदेखील चिकित्साच होय.

म्हणून यजमान या नात्याने परिषदेपुढे दोन तजविजी ठेवतो. रुग्णास पुढे पाठवताना दिलेल्या प्रत्येक प्रतिजैविकाचे नाव, मात्रा, तारीख आणि वेळ चिठ्ठीवर नोंदवावी; आणि विदर्भातील रुग्णालयांनी आपापल्या दप्तरातील जिवाणूंची व त्यांवर चालणाऱ्या औषधांची नोंद दर सहा महिन्यांनी एकत्र करावी, म्हणजे भंडाऱ्याच्या डॉक्टरला परदेशी ग्रंथातला नव्हे, तर आपल्याच मुलखातला आधार मिळेल.

आपल्या निवास-भोजनाच्या व्यवस्थेत स्वागतसमितीच्या तरुण सहकाऱ्यांनी कसूर ठेवलेली नाही. सावजी रस्सा मात्र प्रत्येकाने स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावा. दोन्ही तजविजी ठरावरूपाने संमत व्हाव्यात अशी विनंती करून, कामकाजाची सूत्रे हाती घ्यावीत अशी प्रार्थना मी अध्यक्षमहोदयांना करतो.