नाताळ आणि गव्हाणीतलं बाळ



२४ डिसेंबरची संध्याकाळ.
पुण्याच्या कॅम्पातला महात्मा गांधी रस्ता माणसांनी फुललेला.
लाल टोप्या… रोषणाई… केक.
गव्हाणीतलं येशूबाळ मात्र शोधावं लागतं.

काही ख्रिस्ती पुणेकरांना हेच खटकतं.
नाताळपर्यंत चर्चमध्ये आगमनकाळ चालू असतो.
धर्मगुरूंची वस्त्रं जांभळी.
प्रार्थना… आणि वाट पाहणं.
दुकानांत सण कधीच सुरू झालेला!

इतरांना गर्दीचं वावडं नाही.
त्यांच्या करंज्या शेजाऱ्यांकडे जातात.
शेजारी गव्हाण पाहायला येतात.
पुण्याला हा शेजार जुनाच.
क्वार्टर गेटच्या सिटी चर्चसाठी जागा दिली,
ती पेशव्यांनी. साल १७९२.

सण सगळ्यांनी करावा, हे दोघांनाही मान्य.
फक्त, ज्याचा वाढदिवस, तो विसरू नये.
पुन्हा सांगते… ज्याचा वाढदिवस, तो विसरू नये.

यंदा कॅम्पात गेलात, तर गव्हाणही पाहून या.