‘मला कुठेही बसवा’ म्हणू नका

या कार्यक्रमात मी तुमच्याशी आजवर कर्जाच्या हप्त्यांवर बोलले, गटाच्या दप्तरावर बोलले, पापड-कुरडयांच्या विक्रीवर बोलले. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. मुंबईला जाऊन विनोदी नाटक बघायचं असेल तर तिकीट कसं काढायचं आणि खुर्ची कोणती घ्यायची, हे मी आज सांगणार आहे.

हा काय गटाचा विषय झाला का, असं कुणी म्हणेल. मी म्हणते, झाला. आपण घरात सगळ्यांची पानं वाढून शेवटी जेवायला बसतो. एसटीत खिडकीची जागा पोरांना देतो. लग्नात भिंतीला टेकून उभ्या राहतो. कुणी विचारलंच, तर आपलं उत्तर तयार असतं, “मला काय, कुठेही चालेल.” पण तिकीट सगळ्यांसारखं पैसे मोजून घेतलंय, तर खुर्चीसुद्धा बघून घ्यायला नको का? भाजीवालीकडे आपण एकेक वांगं फिरवून बघतो. मग तीन तास जिथे बसायचं, ती जागा न बघता कशी घ्यायची?

आधी नाट्यगृहांची ओळख करून घेऊ. गिरगाव, दादर, परळ, लालबाग ही नावं आपल्याला परकी नाहीत. आपल्याकडच्या किती घरांतली माणसं तिथल्या गिरण्यांत राबली! परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ सालचं. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सुरू केलेल्या सोशल सर्व्हिस लीग या संस्थेचं. गिरणीत पाळी करून आलेला कोकणातला, घाटावरचा कामगार तिथे नाटक बघायचा, स्वतःही तोंडाला रंग लावून उभा राहायचा. ते नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झालं. गिरगावात केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघाचं नाट्यगृह आहे, चर्नी रोड स्टेशनपासून चालत जाता येतं. दादरला प्लाझा सिनेमासमोर शिवाजी मंदिर आहे, १९६५ पासून. प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिर आहे आणि तिथेच एक लहान मिनी थिएटरही आहे.

विनोदी नाटकाचं या भागाशी जुनं नातं आहे. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० साली आलं. गावातली हौशी मंडळी नाटक बसवतात आणि एकेक गोंधळ होत जातो, एवढीच गोष्ट. मच्छिंद्र कांबळींनी ती अस्सल मालवणीत रंगवली आणि त्या नाटकाचे पाच हजारांच्या वर प्रयोग झाले. आपली गावाकडची बोली मुंबईच्या रंगमंचावर एवढी चालली, हे लक्षात ठेवा. नाट्यगृहाच्या दारात आपण पाहुण्या नाही.

अलीकडे आणखी एक प्रकार आलाय. एकच माणूस माईक घेऊन उभा राहतो आणि तासभर हसवतो. त्याला स्टँडअप म्हणतात. लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागेवर जो मॉल झाला, तिथे २०१० मध्ये लंडनच्या ‘द कॉमेडी स्टोअर’ने असं विनोदाचं छोटं थिएटर काढलं. पुढे त्याचं नाव बदललं. अशा ठिकाणी जायचं तर तीन गोष्टी आधी बघा. कार्यक्रम मराठीत आहे का? वयाची अट आहे का? आणि पहिल्या रांगेत बसायची तयारी आहे का? कारण तो कलाकार पहिल्या रांगेतल्यांशीच बोलतो. नाव विचारतो, नवऱ्यावरून चिडवतो. ज्यांना ते आवडेल त्यांनी खुशाल पुढे बसावं. ज्यांना संकोच वाटेल त्यांनी तिसरी-चौथी रांग घ्यावी.

आता खुर्चीचं बघू. तिकीट खिडकीवर किंवा मोबाईलवर जो खुर्च्यांचा नकाशा दिसतो, त्याला नाटकवाले ‘प्लॅन’ म्हणतात. पूर्वी हा छापील कागद असायचा आणि खिडकीतला माणूस विकलेल्या खुर्चीवर पेनाने खूण करायचा. प्लॅन हातात आला की पहिल्यांदा रंगमंच कुठल्या बाजूला दाखवलाय ते शोधा. मोबाईलवर तो कधी वर असतो, कधी खाली. उलटं धरलंत तर शेवटची रांग पहिली समजून बसाल. रांगांना ए, बी, सी अशी अक्षरं असतात आणि खुर्च्यांना आकडे.

विनोदी नाटकात शब्द महत्त्वाचा. गाणं थोडं कमी ऐकू आलं तरी सूर कळतो. विनोदातला एक शब्द निसटला, तर शेजारीण हसते आणि आपण तिच्या तोंडाकडे बघत राहतो. शिवाय निम्मा विनोद चेहऱ्यावर असतो. भुवई उडते, ओठ मुरडतात. म्हणून शक्यतो जवळची जागा घ्यावी. पण अगदी पहिली रांग नको, मान वर करून मान दुखते आणि नटांचे पाय नीट दिसत नाहीत. चौथ्या रांगेपासून आठव्या-नवव्या रांगेपर्यंत, मधल्या भागात, ही माझ्या मते उत्तम जागा. बाल्कनीच्या खाली अगदी मागे बसलं तर आवाज थोडा दबतो. बाल्कनीतून चेहरे लहान दिसतात, पण सगळा रंगमंच एका नजरेत येतो आणि तिकीट स्वस्त पडतं. बाल्कनीची पहिली रांग मिळाली तर वाईट नाही.

पण उत्तम जागा सगळ्यांसाठी एकच नसते. गुडघे दुखत असतील तर वाटेच्या कडेची खुर्ची घ्या, पाय लांब करता येतो. मधुमेह असेल, वारंवार उठावं लागत असेल, तरीही कडेचीच. जिने किती आहेत, लिफ्ट आहे का, हे तिकीट काढण्याआधी फोन करून विचारा. शिवाजी मंदिरचं प्रेक्षागृह वरच्या मजल्यावर आहे. एका कानाने कमी ऐकू येत असेल तर साधा हिशोब करा. डावा कान ऐकत नाही, तर रंगमंचाकडे तोंड केल्यावर प्रेक्षागृहाच्या डाव्या बाजूला बसा. म्हणजे चांगला, उजवा कान रंगमंचाकडे येतो.

आमच्या खेड तालुक्यातल्या गटाने हे कसं केलं ते सांगते. आम्ही अठरा जणी. गटाच्या बचतीला आणि कर्जाच्या रकमेला हात लावायचा नाही, हे आधीच ठरलं. वेगळा हौस निधी काढला. दरमहा प्रत्येकी २५ रुपये. वर्षाचे झाले ५,४०० रुपये, म्हणजे एकीचे ३००. प्रवासखर्च जिचा तिने करायचा. हे सगळं ठराव म्हणून इतिवृत्तात लिहिलं, सह्या झाल्या. पुढे कुणाच्या घरी प्रश्न निघाला की “पैसे आले कुठून,” तर दाखवायला कागद होता. आणि प्रश्न निघालाच. दोन घरांत नाराजी झाली. एका घरी सासरे म्हणाले, “हसायला मुंबईला कशाला जायला पाहिजे?” त्यावर आमच्या सचिवताई शांतपणे म्हणाल्या, “मामंजी, तुम्ही कबड्डी बघायला जाता तेव्हा आम्ही विचारत नाही.” दोघीही आल्या.

तिकिटांचे दर तीन होते. पुढे ४००, मध्ये ३००, बाल्कनी २००. बैठकीत दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, सगळ्यांनी बाल्कनीत बसू, १,८०० रुपये वाचतील. काही म्हणाल्या, सगळ्यांनी ३००चंच घेऊ, भांडण नको. आमच्यात एक काकू आहेत, सत्तरीच्या जवळच्या. त्यांचा डावा कान अजिबात ऐकत नाही. त्या म्हणाल्या, “मला कुठेही बसवा गं. मला ऐकू येतंय कुठे!” त्या वाक्यावर बैठक गप्प झाली. मग एकीने विचारलं, “काकू, ऐकू येत नाही म्हणून मागे बसायचं, की ऐकू येत नाही म्हणून पुढे?”

तिथून चर्चा नीट झाली. ठरलं असं. जिला गरज आहे तिला जागा आधी. काकू, आणखी एक दृष्टी अधू झालेल्या ताई, आणि दोघींच्या सोबतीला एकेक जण, अशा चौघी पुढे. दहा जणी मधल्या दरात. चार तरुण पोरींनी आपणहून बाल्कनी मागितली. हिशोब बघा. चार ४००चे झाले १,६००. दहा ३००चे झाले ३,०००. चार २००चे झाले ८००. बेरीज ५,४००. पै कमी नाही, पै जास्त नाही. निधीत सगळ्यांनी सारखे पैसे घातले होते, म्हणून आणखी एक ओळ लिहिली, की पुढच्या नाटकाला बाल्कनीतल्या चौघी खुर्ची आधी निवडतील. अध्यक्ष आहे म्हणून कुणाला पुढची खुर्ची मिळाली नाही. आणि कुठल्याही दरात कुणी एकटी बसणार नाही, हा नियम केला. हसणं सोबतीनं वाढतं. शेजारची खुदकन हसली की आपलाही संकोच सुटतो.

आता तिकीट काढायचं कसं? तीन वाटा आहेत. पहिली, खिडकी. मुंबईत आपलं कुणी असेल तर त्याला पाठवा, पण “अठरा तिकिटं आण” एवढंच सांगू नका. आमच्या एकीचा भाऊ लालबागला राहतो. त्याच्याकडे चिठ्ठी दिली होती. पहिली पसंती ही रांग, ही नसेल तर ती रांग, दोन्ही नसेल तर पैसे देण्याआधी फोन कर. त्याने खिडकीवरूनच फोन केला, “अगं ताई, तुम्हाला हवी ती रांग भरली, मागची देऊ का?” आम्ही दुसरी पसंती सांगितली. खिडकी उघडी असण्याच्या वेळा असतात, त्या आधी विचारून घ्या. मराठी वर्तमानपत्रांत नाटकांच्या जाहिराती येतात, त्यात प्रयोगाची तारीख, वेळ आणि बुकिंगचे फोन असतात.

दुसरी वाट मोबाईलची. बुकमायशो आहे, आणि नाटकांसाठी तिकिटालय नावाचं मराठी ॲपही आहे. खुर्च्या निवडल्यावर पैसे भरायला थोडीच मिनिटं मिळतात, म्हणून कुणाची कुठली खुर्ची हे कागदावर आधी लिहून ठेवा. एका वेळी ठरावीक संख्येपर्यंतच तिकिटं निघतात, मोठ्या गटाला दोन-तीनदा काढावी लागतात. मोबाईलवर सेवाशुल्क वेगळं लागतं, ते हिशोबात धरा. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, पण त्या सेवाशुल्कावर असतो. आणि एक गाठ पक्की मारा. यूपीआयचा पिन पैसे घेताना लागत नाही. “तिकिटाचे पैसे परत करतो, पिन टाका, ओटीपी सांगा,” असा फोन आला तर ठेवून द्या. घरच्या पुरुषाच्या मोबाईलवरून तिकीट काढलं, तर ते गटातल्या दोघींच्या मोबाईलवर मागवून घ्या. तो मोबाईल त्या दिवशी शेतावर असला तर दारात अडकायला नको.

तिसरी वाट, थेट निर्मात्यांच्या व्यवस्थापकाला फोन. जाहिरातीतल्या नंबरवर बोलून मोठा गट आहे असं सांगा, सवलत मिळते का विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत. जास्तीत जास्त नाही म्हणतील.

प्रयोगाची वेळ गाडीवरून ठरवा. रविवारी दुपारचा प्रयोग गावाकडच्यांना सोयीचा. आम्हाला तुतारी एक्सप्रेस जमली. ती सकाळी दादरला पोचते आणि रात्री बाराच्या सुमारास दादरहून परत निघते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, ते बघून घ्या. एसटीने जाणाऱ्यांना १७ मार्च २०२३ पासून महिलांचं अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे. आधार कार्ड सोबत ठेवा. नाट्यगृहात अर्धा तास आधी पोचा, अंधारात रांग शोधायला लागू नये. तुमच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं असेल तर “राहू दे, आम्ही तिकडे बसतो” म्हणू नका. तिकीट दाखवा, नम्रपणे उठवा. नाहीतर तुमच्यामुळे तिसरीची खुर्ची जाते. मोबाईल बंद करा. मध्यंतरात स्वच्छतागृहाला रांग लागते, म्हणून आधी तिकडे आणि मग बटाटावड्याकडे.

त्या दिवशी परतीच्या गाडीत नाटकातली एक गंमत बाल्कनीतल्या पोरींना नीट ऐकू आली नव्हती. ती त्यांना कुणी सांगितली माहितीये? आमच्या काकूंनी. आवाज बदलून, हातवारे करून. अख्खा डबा ऐकत होता.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या मासिक बैठकीत कर्ज, परतफेड, हजेरी झाल्यावर पाच मिनिटं हा विषय घ्या. मुंबई लांब असेल तर तालुक्याच्या गावी प्रयोग लागतो का बघा, गावच्या जत्रेतलं नाटकही चालेल. महिन्याचे दहा रुपये ठरवा, पंचवीस ठरवा, पण वेगळे ठेवा आणि लिहून ठेवा. आणि खुर्चीची पाळी आली की एकेकीला नाव घेऊन विचारा, “तुला कुठे बसायचंय?” जी म्हणेल कुठेही चालेल, तिला पुन्हा विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारा.